बोर्डाच्या दिवशीची दाढी

मला भांडखोर म्हणणारे लई आहेत, त्यात नवीन काही नाही. सासू म्हणते, नणंद म्हणते, ज्यांची ब्लाउजं शिवते त्या बायाही म्हणतात. पण माझं भांडण सरकारी कागदावर चढलंय, तेही फौजेच्या. असा मान नांदेडात दुसऱ्या कुण्या बाईला मिळाला असेल तर तिला घेऊन या, मी चहा पाजते.

तसं 'लुंबिनी भांडखोर' असं थेट नाही लिहिलेलं. लिहिलंय असं, की नाईक आनंदराज यांना जो उदासीचा आजार जडला तो नोकरीमुळं नाही, घरगुती कलहामुळं. आता आमच्या घरात माणसं तीन. एक आनंदराज, म्हणजे माझा नवरा. दुसरी त्यांची आई पारूबाई. ती लेकावर जीव टाकणारी, ती कशाला कलह करेल. मग उरलं कोण, ते तुम्हीच बघा.

मला फौजेकडून एकच पाहिजे होतं. हा आजार तिकडं लागला, डोंगरावर, त्यांच्या कामात लागला, एवढं त्यांनी कबूल करायचं. कबूल केलं की अपंगत्वाची पेन्शन मिळते, आणि ती नको म्हणायला मी काही सावकाराची लेक नाही. पण खरं सांगते, पेन्शनीपेक्षा मला ती ओळ खोडून पाहिजे होती. लातूरला नणंदेच्या पोरीचं लग्न होतं. मांडवात, भरल्या बायकांत, आत्याबाई म्हणजे माझी सासू म्हणाली, "फौजंनं माझं लेकरू येडं न्हाई केलं माय, घरानं केलं. मी न्हाई म्हणत, कागदावरच हाय." तिला अक्षर वाचता येत नाही, पण ती ओळ तिला तोंडपाठ. मी वाढत होते. वरणाची बादली तिथंच खाली ठेवली आणि लातूरच्या स्टँडवर येऊन बसले, उपाशी.

ती ओळ आली कुठून, ते ऐका.

हे देवणीकडचे. सासरे लोकांची देवणी बैलं सांभाळायचे, त्यामुळं जनावराचा स्वभाव ह्यांना लहानपणापासून कळायचा. फौजेत गेले तर फौजेनंही बरोबर ओळखलं आणि खेचरांच्या कंपनीत घातलं. वर जिथं गाडी जात नाही तिथं खेचरावर लादून राशन न्यायचं, रॉकेल न्यायचं. माणूस पुढं, दोरी हातात, खेचर मागं. ह्यांच्या जोडीला संगप्पा होता, देगलूरच्या बाजूचा. निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलायचा. फोन लागला की ह्यांच्या हातातून ओढून घेऊन मला आधी विचारायचा, "वैनी, ऊटा आयता?" म्हणजे जेवलात का. मी जेवलेली असले तरी न्हाई म्हणायची, मग तो ह्यांनाच रागवायचा.

एका हिवाळ्यात बर्फ घसरलं. त्या दिवशी पुढं ह्यांचा नंबर होता. बुटानं ह्यांची टाच सोलली होती, म्हणून संगप्पा म्हणाला, तू मागून ये हळूहळू, मी पुढं होतो. संगप्पा गेला, त्याचं खेचरही गेलं. हे आपल्या खेचराची दोरी धरून मागं उभे. एवढंच त्यांनी मला सांगितलं, तेही एकदाच, भर दुपारी भाकरी खाता खाता. मग उरलेली भाकरी तशीच ताटात ठेवून उठले.

त्यांना संगप्पाच्या घरी जायचं होतं. मैताच्या घरी जावं, टेकावं, ही आपली रीत. पण जोडीदाराच्या आईजवळ बसायचंय असं अर्जात लिहिलं तर साहेब काय म्हणतील, याची त्यांना भीती. जवानाच्या सुट्टीला हमखास चालणारं कारण एकच, घरची अडचण. तिकडं सगळ्यांच्या बायका भांडखोर आणि सगळ्यांच्या आया आजारी असतात. एकाच आईला दोनदा मारून सुट्टी घेतलेले बहाद्दरही आहेत म्हणतात. ह्यांनीही तेच केलं. बायकोचं आईशी पटत नाही, घरात कलह चालू आहे, सुट्टी मिळावी. आणि फोनवर मला म्हणाले, "लुंबिनी, तुझ्या नावावर सुट्टी काढली गं." मी हसले. म्हणलं काढा, माझं तोंड कुठं तरी कामाला आलं.

त्या सुट्टीत देगलूरला जाऊन ते संगप्पाच्या आईपुढं, शांतम्मापुढं बसून आले. पुन्हा अर्ज केला, पुन्हा तेच कारण, पुन्हा शांतम्मा. पुढं कंपनी डोंगरावरून खाली आली, शांत ठिकाणी, आणि तिथं हे बोलायचे थांबले. तबेल्यात दिवसभर एकाच खेचराला खरारा करत बसायचे, ते बिचारं बेजार होऊन लाथा मारायला लागलं तरी. मग दवाखाना झाला, मग बोर्ड बसलं. बोर्ड म्हणजे फौजेचे डॉक्टर एका टेबलामागं बसतात आणि जवान नोकरीला लायक आहे की नाही ते ठरवतात. त्यांनी बघितलं, आजार सुरू कुठं झाला, तर शांत ठिकाणी. तिथं बर्फ नाही, गोळी नाही. मग कारण काय असावं, तर सुट्टीचे जुने अर्ज होतेच समोर. आपलेच दात, आपलेच ओठ, करता काय. ह्यांना नोकरीतून काढून घरी पाठवलं.

उदासी म्हणजे माणूस रडतं, असं मला वाटायचं. हे एकदाही रडले नाहीत. रडले असते तर मी जवळ तरी बसले असते. भिंतीकडं तोंड करून पडायचे. उठा म्हणलं तर "हाव" म्हणायचे आणि पडून राहायचे. अंघोळ नाही, दाढी नाही. मिठाशिवायची भाजी पुढं ठेवली तरी खायचे, मुद्दाम ठेवून बघितली मी. देवणीला राहून इलाज होईना, म्हणून विष्णुपुरीच्या रस्त्याला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. तिथल्या मोठ्या दवाखान्यात मालविका मॅडम आहेत, मनाच्या डॉक्टर. वयानं माझ्याएवढ्याच, पण बोलायला आईसारख्या. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "लुंबिनीताई, गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा. आणि दाढीचं ब्लेड, वस्तरा, तेही." मी न विचारता समजले. तेव्हापासून वस्तरा माझ्या शिलाई मशीनच्या खणात, आणि खणाची किल्ली माझ्या गळ्यात.

आत्याबाई एका कोपऱ्यात, हे एका कोपऱ्यात, मध्ये माझी मशीन. दिवसभर मशीन चालवायची आणि तोंडही चालवायचं, कारण ते बंद केलं तर घरात आवाजच नाही. मी ह्यांना सगळं सांगायची. कोणत्या बाईचं माप वाढलं, कुणाची सून पळाली, भेंडी कशी जून निघाली. उत्तर नाही. संध्याकाळी बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्ती लावून मी वंदना म्हणायची तेव्हा मात्र त्यांचे ओठ हलताना दिसायचे. तेवढ्यावर मी दुसरा दिवस काढायची.

पहिलं अपील फेटाळलं. दुसरं केलं. ते सगळं शेषेराव सुभेदारांनी केलं. शेषेराव म्हणजे मुदखेडचे, स्वतः रिटायर, माजी सैनिकांची कामं करत फिरतात, बदल्यात चहा घेतात तोही बिनसाखरेचा. एक दिवस स्कूटर लावून हसतच आत आले.

"ताई, काम झालं बघा निम्मं. नव्यानं बोर्ड बसवायला तयार झालेत. छावणीच्या दवाखान्यात बोलावलंय."

बोर्ड म्हणल्याबरोबर कॉटवरचा माणूस हलला. हे उठून बसले. शेषेरावांकडं बघून म्हणाले, "माझं बोर्ड हाय?"

"तुझंच हाय की फौजी."

"कवा?"

शेषेरावांनी तारीख सांगितली. ह्यांनी मान हलवली आणि भिंतीला टेकून बसून राहिले, पडले नाहीत. मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात धरून रडले. वाटलं, मॅडमच्या गोळ्या लागू पडल्या.

जाताना शेषेरावांनी मला दाराबाहेर बोलावलं. "ताई, नीट ऐका. जसा हाय तसाच न्यायचा. दाढी करू नका, इस्त्री करू नका. विचारलं तर खरं सांगायचं. झोप न्हाई, भूक न्हाई, संगप्पा डोळ्यापुढून जात न्हाई. घरात भांडण न्हाई, अर्ज सुट्टीपुरता होता. एवढं बोलला तरी पुरे. फौजी माणूस साहेबापुढं उभा राहिला की ठणठणीत होतो, तेवढं सांभाळा. हात दाखवून अवलक्षण नको."

मग मी ह्यांची तयारी करून घ्यायला लागले. गळ्यात मापाची टेप, समोर स्टूल, मी साहेब.

"आनंदराज, झोप येते का?"

"न्हाई येत."

"सर म्हणायचं."

"तू सर हायस व्हय?" म्हणाले, आणि ओठांच्या कडेला थोडंसं हसले. मी तो प्रश्न नंतर पुन्हा पुन्हा विचारला, तेवढ्या हसण्यासाठी. दुसऱ्यांदा हसले नाहीत, पण उत्तरं बरोबर द्यायचे. घरात भांडण? न्हाई. आजार कुठं सुरू झाला? वर. आत्याबाई कोपऱ्यातून म्हणायची, "पोपट करून राहिली माझ्या लेकाचा." मी म्हणायची, आत्याबाई, पोपट तरी बोलतो.

बोर्डाच्या दिवशी सकाळी जाग आली ती वासानं. बूटपॉलिशचा वास. हे उंबऱ्यात बसून बूट घासत होते. जुने काळे बूट, ट्रंकेतून त्यांनीच काढलेले. अंघोळ झालेली, केस ओले. मला बघून म्हणाले, "वस्तरा कुठाय?"

मी तशीच उभी. शेषेरावांचं बोलणं कानात होतं, मॅडमचंही होतं. "आज राहू द्या ना दाढी," म्हणलं.

"बोर्डापुढं असा जाऊ? येड लागलंय का तुला?"

मला येड लागलंय का, असं विचारलं त्यांनी. लग्न झाल्यावर दिवसातून चारदा विचारायचे. कितीक दिवसांनी कानावर आलं ते. मी गळ्यातली किल्ली काढली, खण उघडला आणि वस्तरा दिला. समोर बसून राहिले, नजर हलवली नाही. साबणाखालून चेहरा निघत गेला. गाल बसलेले, पण चेहरा तोच, देवणीहून मला बघायला आला होता तो. मग त्यांनी शर्टला इस्त्री मागितली. मीच केली. चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "साखर लई टाकलीस." आत्याबाईनं माझ्याकडं बघितलं, मी आत्याबाईकडं. एवढ्या वर्षांत त्या घरात चहाला कुणी नावं ठेवली नव्हती.

अडवायला पाहिजे होतं म्हणता? तुम्ही अडवलं असतं का?

नांदेडहून सकाळच्या गाडीनं गेलो. गाडीत एका म्हाताऱ्याला जागा करून दिली. कोण कुठले, त्याला विचारलं. म्हातारा म्हणाला, फौजी दिसता. हे म्हणाले, हाव. मी खिडकीकडं तोंड करून बसले. आत आनंद मावत नव्हता आणि भीतीही मावत नव्हती, दोन्ही एकाच वेळी, आणि मला कशाचंच काही करता येईना.

छावणीच्या फाटकातून आत गेल्यावर ह्यांची चाल बदलली. मला मागं टाकून पुढं निघाले. बाहेरच्या बाकावर आणखी माणसं होती, कुणाचा हात नव्हता, कुणाला धरून आणलेलं. ते सगळे ह्यांच्याकडं बघत होते, की हा इथं कशाला आला.

आत तीन साहेब. मला मागच्या खुर्चीवर बसवलं. ह्यांनी टाच वाजवून सॅल्यूट मारला तेव्हाच मला कळलं की गेलं.

मधले साहेब वाईट नव्हते. खोटं कशाला बोलू, आवाज मऊ होता. म्हणाले, "कैसे हो, आनंदराज?"

"बढिया हूँ, सर."

"नींद आती है?"

"पूरी आती है, सर."

"घर में कोई झगडा, कोई परेशानी?"

"कोई नहीं, सर. मेरी बीबी बहुत अच्छी है. उसी ने मुझे खडा किया है."

ऐका. एवढ्या वर्षांत त्या माणसानं माझ्याबद्दल एक चांगला शब्द काढला नव्हता, आजारी नव्हता तेव्हाही नाही, आपल्याकडं कुठं काढतात. आणि आज काढला तो असा. माझे डोळे भरून आले आणि त्याच वेळी मला ओरडावंसं वाटत होतं, की अहो पडा, त्या टेबलाखाली पडा, भिंतीकडं तोंड करून पडा जसे घरी पडता.

साहेबांनी संगप्पाचं विचारलं. ह्यांनी एकदा मान खाली घालून आपल्या बुटाकडं बघितलं. मला वाटलं आता येईल, आता खरं बाहेर येईल. पण ते ताठ झाले आणि म्हणाले, "शहीद हो गया, सर. फौज में होता है."

मग मी उठले. म्हणलं, "साहेब, हे खरं नाही. हे महिने महिने अंघोळ करत नाहीत. वस्तरा मी कुलपात ठेवते. आजच असे आहेत, आजच, तुमच्यासाठी." मराठी, हिंदी, जे तोंडात येईल ते बोलले. अर्जाचं सांगितलं, सुट्टीचं सांगितलं, टाच सोलली होती ते सांगितलं. विष्णुपुरीच्या मॅडमचे कागद टेबलावर ठेवले. साहेबांनी ऐकून घेतलं. मग ह्यांना विचारलं, बायको म्हणते ते खरं आहे का.

ह्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. चुगली करणाऱ्याकडं बघतात तसं. आणि साहेबांना म्हणाले, "पहले था, सर. अब नहीं. औरत है, घबरा जाती है."

बाहेर आलो. कडुलिंबाखाली एक वडेवाला होता. ह्यांनी दोन प्लेट वडे घेतले आणि स्वतःची प्लेट संपवून माझ्यातला एक उचलला. मी वड्याला हात लावत नाही हे बघून म्हणाले, "राग आला व्हय? तू मध्येच काहून बोललीस गं? नापास केलं असतं म्हणजे?"

मी म्हणलं, "नापास?"

"झालं ते झालं. पास करतेत, साहेबाच्या तोंडावर दिसत होतं. आता कवा बोलावतील म्हणतीस?"

"कोण बोलावणार?"

"युनिट." त्यांनी हात पुसले. "आमच्यात एकाचा पाय मोडला होता. बोर्डानं खाली काढला, बरा झाल्यावर बोर्डानंच वर घेतला. गेला परत लायनीत. कंपनी आता कुठं हाय, ते शेषेरावला विचार की."

मी त्या झाडाच्या पारावर बसले. अपील, पेन्शन, ती ओळ, मी रोज त्यांच्या कानाशी बोलत होते आणि त्यांच्यापर्यंत त्यातलं काही पोचलं नव्हतं. पोचला होता एक शब्द, बोर्ड. फौजीच्या आयुष्यात बोर्ड पास व्हायला असतं. हा माणूस कॉटवरून उठला तो ती ओळ खोडायला नाही, पेन्शन आणायला नाही. त्याला परत जायचं होतं. जिथं संगप्पा गेला तिथंच, खेचराची दोरी धरून, आणि या खेपेला पुढं.

तिथंच सांगायला पाहिजे होतं, पण माझ्या जिभेला त्या दिवशी लकवा झाला. वडा खाणारा माणूस होता समोर. भूक लागलेला माणूस.

त्यानंतरचे दिवस मला सांगायलाही नको वाटतात, कारण ते चांगले होते. रोज पहाटे उठायचे. वस्तरा मागायचे, मी समोर बसून द्यायची आणि परत घ्यायची. विष्णुपुरीच्या बंधाऱ्यापर्यंत चालून यायचे. ट्रंक उन्हात ठेवली, कपडे घड्या करून भरले. आत्याबाईला म्हणाले, "माय, मी गेल्यावर लुंबिनीशी भांडू नको." आत्याबाईनं शेजारी साखर वाटली. मी तिला विचारलं, आत्याबाई, बोर्डापुढं तुमच्या लेकानं मला चांगलं म्हणलं, ऐकायचंय का? म्हणाली, "साहेबापुढं कुणीबी काहीबी बोलतंय."

मॅडमना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांना लवकर सांगायला हवं, पण एकट्यानं नका सांगू. इथं आणा, आपण दोघी सांगू." मी हो म्हणलं. सोमवारी नेते म्हणलं, मग पुढच्या सोमवारी. घरात चहाला नावं ठेवणारा माणूस होता हो. दोन सोमवार मी तो ठेवून घेतला.

तिसऱ्या सोमवाराच्या आधीच शेषेराव आले. स्कूटर लावून दारातच उभे राहिले, हसले नाहीत. ह्यांनी खुर्ची पुढं केली आणि स्वतः सावधान उभे राहिले. शेषेरावांना काय माहीत बिचाऱ्यांना. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "अपील गेलं, ताई. आजार उरलेला न्हाई म्हणतेत. माणूस बरा हाय, घर चांगलं हाय, फक्त बायको जास्त घाबरती, असं लिहिलंय."

बघा. कलह खोडला त्यांनी. मला पाहिजे होतं ते झालं. पण कागदावरून मला उतरू काही दिलं नाही.

"म्हणजे पास?" ह्यांनी विचारलं.

शेषेरावांना वाटलं टोमणा आहे. म्हणाले, "पास, बाबा. एकदम पास."

"मग कवा निघायचं?"

शेषेरावांना काही उमजेना. ते माझ्याकडं बघायला लागले. त्यांची नजर कोपऱ्यातल्या ट्रंकेवर गेली, तिच्यावर ठेवलेल्या बुटांवर गेली, आणि त्यांचा चेहरा उतरला. बर्फातून, गोळीतून आलेला माणूस, पण खाली मान घालून दाराची चौकट धरून उभा राहिला. सांगायला मीच उरले.

"अहो," म्हणलं, "ते परत घ्यायचं बोर्ड नव्हतं. ते परत घेत नाहीत. तुम्ही आजारी आहात का, एवढंच बघायचं होतं त्यांना. पेन्शनसाठी."

ते माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही. सांगितलेलं काम नीट करून आलेल्या पोराला कुणी म्हणावं, की हे करायचंच नव्हतं, तसं बघत राहिले.

"मग मी बरा कशाला झालो?" त्यांनी विचारलं.

मग ते कॉटवर जाऊन आडवे झाले आणि भिंतीकडं वळले. आत्याबाई उठली, त्यांच्या पायथ्याशी बसली, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "चहा ठेव गं पोरी, साखर कमी टाक." तो चहा तसाच गार झाला.

मॅडमकडं त्याच दिवशी नेलं. रिक्षात शेषेरावांनी आणि मी मिळून बसवलं. गोळ्या वाढल्या. मॅडम म्हणाल्या, वेळ लागेल, पण एकदा उठले तसे पुन्हा उठतील. मी ते धरून ठेवलंय.

परत सोडताना शेषेराव दाराबाहेर थांबले. म्हणाले, "ताई, अजून कोर्ट हाय. मी वकील बघतो. पण आता तरी माझं ऐका. त्याला असाच राहू द्या. दाढी वाढू द्या, फोटो काढून ठेवू."

मी म्हणलं, कोर्टात जाऊ. जाणारच. पण हा माणूस दाढी करूनच येईल. त्यात आजार दिसत नसेल तर डोळे साहेबांचे तपासायचे, गाल माझ्या नवऱ्याचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी खण उघडून वस्तरा काढला. गरम पाणी घेतलं, साबण घेतला, कॉटवर त्यांच्या डोक्याशी बसले. त्यांनी डोळे मिटलेले होते. म्हणलं, अहो, इकडं वळा जरा. वळले नाहीत. मग मीच त्यांचं तोंड हातानं माझ्याकडं केलं आणि एका गालाला साबण लावला. वस्तरा कसा धरायचा ते कळेना, कधी केलं नव्हतं ना. मी आपली बोलत होते, भेंडीचं, मापाचं, कुणाच्या सुनेचं. दोन्ही गाल झाले. गळ्यापाशी आले तेव्हा मात्र मी वस्तरा बाजूला धरला, म्हणलं आता कसं करू.

डोळे मिटलेलेच होते. पण हनुवटी त्यांनी आपली आपण थोडी वर केली.